विड्या सांभाळणारी लचमाबाई

दुपारचे तीन वाजले होते. वर्धेच्या काठी पिपरडोह गावाच्या पोटात कोळशाची खाण होती. त्या खाणीत नदीचं पाणी शिरलं.

फार वर्षांपूर्वीची ही हकीकत. इथला कोळसा तेव्हा रेल्वेच्या वाघिणी भरभरून दूरच्या गिरण्यांना जायचा आणि गावातल्या चुली गोवऱ्यांवर पेटायच्या. बायकांनी ओटीत चार ढेकळं घरी नेऊ नयेत, म्हणून ठेकेदारानं खाणीचं जुनं तोंड विटांनी बंद करून टाकलं होतं.

चालू तोंडाशी लचमाबाई बसायची. खाली एक ठिणगी पडली तरी सगळं उडायचं, म्हणून उतरणारा प्रत्येक जण आपल्या विड्या-काड्या तिच्या पदरात टाकायचा आणि वर आला की मागून घ्यायचा. कोणाची विडी कोणती, हे ती वासावरून सांगायची, असं म्हणतात. तिचा नवरा पोचम सगळ्यांत शेवटी यायचा.

"माझी ओढून टाकू नको हं!"

"इतकी घाणेरडी कोण ओढन?" ती म्हणायची, आणि पदराला गाठ मारायची.

त्या दुपारी माणसं चिंब भिजून, धापा टाकत वर आली. मुकादमानं हात झटकले. "चला, सारे आले."

"सारे नाही आले." लचमाबाईनं पदर उघडला. काही विड्या तशाच होत्या. पोचमचीही.

"घाईत विसरले असतील, बाई."

"मुकादमदादा, माणूस भाकर विसरन, लेकराचं नाव विसरन. विडी विसरते का कोणी?"

ती जुन्या तोंडाकडे धावली. मागून गावातल्या बायका धावल्या. पहारी, मुसळं, दगड, हाती लागेल त्यानं त्यांनी भिंतीला भोक पाडलं. आत नुसता काळोख. हाका मारल्या तर त्या बोगद्याबोगद्यांत फुटून जात. आतल्यांना वाट कळावी कशी?

मग जन्मभर ज्या बाईनं ठिणगी खाली जाऊ दिली नाही, तिनंच काडी ओढली. पदरातल्या सगळ्या विड्या पेटवल्या आणि धूर आत फुंकला.

"सगळ्यांना जाळशील, बाय!" मुकादम ओरडला.

"तसेही बुडूनच राहिले ना, दादा?"

असं म्हणतात, की कोळशानं आग पाहिली आणि डोळे मिटून घेतले. धूर पाण्यावरून चालत गेला. ज्याची विडी, त्याचा वास त्याच्याच नाकाशी पोहोचला. वासाचं बोट धरून एकेक जण भोकातून बाहेर आला. तिच्या हातून विडी घेतली, एक झुरका मारला आणि लहान पोरासारखा रडला.

पोचमची विडी तेवढी उरली. ती जळत आली होती. लचमाबाईनं ती स्वतःच्या ओठांत धरली, विझू नये म्हणून एक झुरका घेतला, पदर खोचला आणि ती आत शिरली.

आजही पिपरडोहात खाणीवर निघालेला माणूस जुन्या तोंडाजवळच्या दगडावर एक विडी पेटवून ठेवतो. ती ओढत नाही. "लचमाबाय, वर येऊ दे," एवढंच म्हणतो. गावात नवं जोडपं आलं की त्या दगडावर दोन विड्या शेजारीशेजारी ठेवतात.

लचमाबाई आत शिरली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा त्या भोकातून विडीचा धूर येत होता. तो साऱ्या गावानं पाहिला. तरी ठेकेदाराच्या बैलगाड्या आल्या आणि त्यांनी तिथं माती ओतली. माती ओतायला कोणी सांगितलं, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.