काळा चिखल

खाडीवर अजून एकही होडी आली नव्हती, त्या काळची गोष्ट. तिथल्या चिखलात दोन शिंपल्यांच्या आड एक तिसरी राहायची. शेजारचा खेकडा सारखी बिळं उकरायचा.

"गाळ उडवतोस मेल्या! जा इथून," एकदा ती ओरडली.

"जातो बाई. पण खाली डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत. ते मेलेलं खातात आणि विष सोडतात. माझ्या बिळांतून हवा जाते, म्हणून ते खालीच राहतात."

खेकडा गेला आणि बिळं बुजली. हळूहळू सडक्या अंड्यांसारखा वास सुटला. चिखल काळा पडत वर चढू लागला. तिसरीने भीतीने शिंपले घट्ट मिटले. पण हाक मारायला ते उघडावेच लागले.

"खेकडेदादा!"

"भिऊ नकोस," खालून असंख्य बारीक आवाज आले, "आम्ही आलोच."