पत्रलतेचे नवे घर

पूर्वी कृतयुगात, रेवेच्या उत्तर तीरावर, वेदघोषाने निनादणाऱ्या और्णव ऋषींच्या तपोवनात यज्ञमंडपाची उभारणी चालली होती. स्तंभ घडवण्याचे काम तक्षसेन नावाच्या शिल्प्याकडे होते. हात मोठा कसबी, पण स्वभाव विलक्षण उतावळा! वृक्ष तोडण्याच्या आदल्या दिवशी त्याला दूर्वा वाहून, 'येथे वसणाऱ्यांनो, कृपा करून अन्यत्र जा,' अशी विनवणी करायची, हा शिल्प्यांचा कुलाचार. मुहूर्त तोंडावर आला म्हणून या महाशयांनी विनवणीला फाटा दिला आणि सरळ कुऱ्हाड चालवली.

वृक्ष कोसळला. त्याला बिलगलेली वेलही मुळासकट उपटली गेली. तोच क्रोधाने थरथरणारी वनदेवता प्रकटली.

"अरे उन्मत्ता! या वेलीत माझी कन्या पत्रलता वसते. तिला सावध करण्याइतकीही सवड तुला नव्हती? ही वेल जशी सुकेल, तशी तुझी दाही बोटे सुकतील!"

तक्षसेनाच्या पायांखालची जमीन सरकली. बोटेच गेली तर शिल्पी कसला? त्याने ऋषींचे पाय धरले. "भगवन्, मला वाचवा!"

"आधी तिला वाचव," ऋषी कडाडले. "ती अजून जिवंत आहे. तिला दुसरे घर दे. घरे बांधणे हाच तुझा व्यवसाय ना?"

तक्षसेन मनातून ओशाळला. त्या आडव्या खोडावरच त्याने टाकी ठेवली आणि वेलीचे एकेक पान, आधाराला विळखा घालणारा एकेक तणावा जसाच्या तसा लाकडात उतरवू लागला. इकडे वेल कोमेजत होती, तिकडे त्याची बोटे बधिर होत होती. डावा हात पार गेला, तेव्हा त्याने टाकी मनगटाला बांधली. शेवटच्या पानावर घाव घालताना नेम चुकला आणि हातोडी त्या मेलेल्या अंगठ्यावर बसली.

"आई गं!" तो ओरडला. मग दचकला. अंगठा दुखत होता! एकामागून एक दाही बोटे ठणकू लागली.

कोरलेल्या पानांतून हसू ऐकू आले. "शिल्प्या, जरा जपून! आत्ताच राहायला आले आहे मी."

तक्षसेन आनंदाने ढसाढसा रडला. देवतेचेही डोळे भरून आले. ती म्हणाली, "वत्सा, जेथे जेथे अशी पाने कोरली जातील तेथे माझी लेक वसेल, आणि त्या कोरीव कामाला तिचेच नाव राहील."

तेव्हापासून स्तंभांवर, द्वारांवर कोरलेल्या वेलीला पत्रलता म्हणू लागले. अंगणातल्या वेली ग्रीष्मात सुकतात. ही कधीच सुकली नाही.