खिंडीतला वारा

"हा एवढा गारवा तू आणलास कुठून?" रेवणबाबांनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

सौमित्र हसला. सकाळपासून तो याच प्रश्नाची वाट पाहत होता.

"आत तर या बाबा. मग सांगतो."

बाबा आत आले नाहीत. चैत्राचं ऊन अंगाची लाही करत होतं. ऐंशी ओलांडलेले बाबा काठीवर भार देऊन तसेच उभे राहिले.

गेल्या उन्हाळ्यात मठाच्या पत्र्याखाली त्यांना भोवळ आली होती. आणखी एक उन्हाळा त्या पत्र्याखाली काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ते ऐकून सौमित्र पुण्याहून धावत आला. घरं बांधण्यात त्याचं मोठं नाव झालं होतं, पण त्याआधी कधीतरी, सगळ्यांनी पाठ फिरवली तेव्हा, याच माणसाने त्याला जेवू घातलं होतं. मठात राहून तो बाबांचा शिष्य झाला होता. त्याने बाबांच्या पायावर हात ठेवून सांगितलं, "तुमच्यासाठी असं घर बांधतो की सूर्यही आत येताना विचार करेल."

आणि त्याने ते बांधलं होतं. मठाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खिंडीच्या तोंडाशी.

"भिंती याच डोंगराच्या मातीच्या," तो उत्साहाने सांगू लागला. "हातभर जाड. सिमेंट जवळजवळ नाहीच. पंखा नाही, कूलर नाही. दिव्यापुरती वीज उन्हातूनच मिळते. एक झाड तोडलं नाही, बाबा. डोंगराला कळलंसुद्धा नसेल की इथे घर झालंय."

"आणि गारवा?"

"तो वाऱ्याचा." सौमित्रने हात लांबवून दाखवलं. घराच्या दोन्ही बाजूंनी दोन लांबलचक मातीच्या भिंती निघाल्या होत्या आणि कवेत घ्यावं तशा अख्ख्या खिंडीभर पसरल्या होत्या. "खिंडीतला सगळा वारा या भिंती अडवतात आणि घरात आणून सोडतात. घरातून फिरला, तापला, की वरच्या त्या धुराड्यातून आभाळात निघून जातो. एक झुळूक म्हणून वाया जात नाही!"

"आधी वाया जात होती?"

"म्हणजे काय! नुसती पलीकडे उतरून जायची."

"पलीकडे... कुठे?"

सौमित्रने खिंडीपलीकडे पाहिलं.



वारा कुठून येतो, कोणत्या महिन्यात येतो, किती जोराने येतो, हे सगळं त्याला पाठ होतं. वर्षभर त्याने तेवढंच पाहिलं होतं. पुढे तो कुठे जातो...

बाबा वळले आणि घराच्या मागची पायवाट उतरू लागले. सौमित्र छत्री घेऊन मागे धावला. छत्री त्यांनी हातानेच बाजूला सारली.

उतारावर गावचं खळं होतं. मोठी मळणी आता यंत्रावर होत असे, पण ज्यांचं चार वाफ्यांचं पीक, ते अजून इथेच येत. हरभरा बडवायचा, आणि खिंडीतून वारा उतरला की उफणायचा, म्हणजे वाऱ्यावर भुसा उडवून दाणे वेगळे करायचे. आज खळ्याच्या कडेने न उफणलेले ढीग पडले होते. काहींवर गोणपाटं टाकली होती.

मधोमध ठेवलेल्या उंच तिवईवर गावातली कौतिकबाई उभी होती. डोक्याच्या वर धरलेली पाटी ती हळूहळू ओतत होती.

दाणे खाली पडत होते. भुसाही खाली पडत होता. सरळ, दाण्यांच्याच डोक्यावर.

पाटी रिकामी झाली. कौतिकबाई खाली उतरली, तोच ढीग पुन्हा पाटीत भरला आणि पुन्हा वर चढली.

सौमित्र पाहतच राहिला. खळ्यावर पान हलत नव्हतं. त्याने मान वळवून वर पाहिलं. त्याचं सुंदर, मातकट घर खिंड भरून उभं होतं.

त्याच्या हातून छत्री गळून पडली.

"हे... कधीपासून?" त्याने विचारलं.

कौतिकबाईने पदराने डोळ्यांतला भुसा पुसला. "शिमग्यापासनं वारा न्हाई, साहेब. व्हईल काहीतरी. सुपानं पाखडू थोडं थोडं."

"अहो, मग मला सांगायचं नाही का? कुणीच कसं बोललं नाही?"

ती गोंधळली. बाबांकडे पाहून तिने हात जोडले.

"घर बाबांचं हाय न्हवं? बाबास्नी बरं वाटावं म्हनून बांधलंय. आमी कसं बोलावं?"

 

सौमित्रने बाबांकडे पाहिलं. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतक्या वर्षांत त्यांना असं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"माझ्या नावानं..." ते पुटपुटले.

 खळ्याच्या कडेला कुणाची तरी पहार पडली होती. ती त्यांनी उचलली, काठीसारखी टेकत चढ चढले आणि घराच्या उजव्या भिंतीवर पहिला घाव घातला.

"बाबा!" सौमित्र ओरडला.

दुसरा घाव. मातीचा एक कपचा उडाला.

"बाबा, थांबा! भिंत गेली तर घर तापेल. तुम्हाला हा उन्हाळा सोसायचा नाही. तुम्हाला काही झालं तर..."

तिसऱ्या घावाला बाबांचा तोल गेला. सौमित्रने त्यांना सावरलं. पहार मात्र त्यांच्या हातून सुटत नव्हती. मागून आलेली कौतिकबाई रडू लागली. "नगा हो बाबा, आमच्यावर पाप घालू नगा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते सौमित्रकडे पाहत होते.



मग सौमित्रने त्यांच्या मुठीतून पहार सोडवून घेतली आणि स्वतःच्या हाताने बांधलेल्या भिंतीवर घातली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यावर माती बसत होती. खळ्यावरची माणसं आली. पण त्याने पहार कुणाला दिली नाही.

ऊन कलायच्या सुमाराला दोन्ही भिंतींना मोठी भगदाडं पडली. खिंडीतला वारा त्यांतून घुसला आणि उतारावरून खाली सुटला. खळ्यावर कुणीतरी हाळी दिली. भुशाचा सोनेरी लोट उठला आणि पलीकडच्या ओढ्यापर्यंत गेला.

तेव्हा कुठे बाबा घरात आले. जमिनीवर घोंगडं टाकून बसले.

घरातली हवा हलत नव्हती. बाबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. सौमित्र त्यांच्यासमोर मान खाली घालून बसला. त्याच्या तळहातांची सालटी निघाली होती.

"बाबा," तो कसाबसा म्हणाला, "आता आत वाराच लागत नाही."

बाबांनी डोळे मिटले.

"मला लागतोय."