उणं सांगायची पंगत

“...आणि ही स्तुती?” आक्कांनी विचारलं.

“हो आक्का. स्तुतीच.”

“परत वाच बघू.”

शार्दूलने मोबाइल डोळ्यांजवळ धरला. “‘गायकाचा आवाज ऐकून वाटलं, गटाराचं झाकण उघडलंय आणि आत डुक्कर अडकलंय. वा! जीव ओवाळून टाकला!’”

“आणि मघाशी वाचलंस ते?”

“‘हा काय आवाज आहे? गटारात डुक्कर अडकल्यासारखा. बंद करा रे कुणीतरी.’”

“ही निंदा.”

“हो.”

“डुक्कर दोन्हीकडं तेच.”

“हो आक्का...”

आक्का हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “पुढचं वाच.”

जत तालुक्यातल्या उघड्याबोडक्या माळावर आक्कांचा लहानसा मठ आहे. आक्का वयाने वाकायला हव्या होत्या, पण पाठ अजून ताठ आणि बोलणं मोजकं. शार्दूलच्या घरातली सगळी याच मठाची. लहानपणी सुट्टीत तो इथल्या भजनात मागे बसायचा, तेव्हा बेंबीच्या देठापासून आवाज कसा काढायचा हे त्याला आक्कांनीच शिकवलं होतं. त्या शिकवणीचं पुढे त्याने काय केलं, ते आक्कांना आज कळत होतं.

तो सांगलीतल्या एका डेथ मेटल बँडचा गायक झाला होता. डेथ मेटलमध्ये गायकाने गायचं नसतं, गुरगुरायचं असतं, आणि शब्द कुणाला कळले तर ती नामुष्की समजतात. गिटारी करवतीसारख्या चालतात. मागे ड्रम असे कोसळतात की ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला फट सापडू नये. या मंडळींनी ‘मढं’ नावाचा अल्बम काढला होता. त्यावर ऐकणाऱ्यांची मतं धो धो येत होती आणि शार्दूलचं खाणंपिणं सुटलं होतं.

तो आल्या आल्या आक्कांच्या पायाशी बसला होता. “लोकांची मतं अंगाला लागू नयेत म्हणून काय करू?” एवढाच त्याचा प्रश्न होता. निदान त्याने तेवढाच विचारला होता.

“आधी मतं तरी ऐकू दे,” आक्का म्हणाल्या होत्या.

म्हणून हे वाचन चाललं होतं. एकाने लिहिलं होतं, हे ऐकून माझ्या शेजाऱ्याने घर सोडलं, मनापासून आभार. एकाला अल्बम पुरेसा क्रूर वाटला नव्हता, त्याच्या मते पोरं अजून कोवळी होती. शार्दूलच्या मावशीने घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं की मिक्सरमध्ये खडे गेलेत, बंद करा कुणीतरी. तेच वाक्य पोलंडच्या कुणा माणसाने आपल्या भाषेत लिहून पाचपैकी पाच तारे दिले होते.

आक्कांनी एक गाणंही ऐकलं. डोळे मिटून, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

शार्दूल त्यांच्या तोंडाकडे बघत बसला.

“घसा दुखत न्हाई का रं?”

“नाही आक्का. तुम्ही शिकवलं तसंच काढतो.”

“बरं...”

बाहेर पडवीत बसू बसला होता. बसवराज, बँडचा ड्रमर आणि शार्दूलचा बालमित्र. त्याच्याच मोटरसायकलवरून दोघं आले होते, पण तो आत यायला तयार नव्हता. परत जाताना त्याला मिरजेत थांबायचं होतं. तिथल्या एका वाजंत्री पार्टीला त्याने आपला ड्रम सेट देऊन टाकायचं कबूल केलं होतं. त्यानंतर वाजवणं कायमचं बंद.

“सगळ्यात जास्त कुणाचं लागलं?” आक्कांनी विचारलं.

शार्दूलला हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं, तरी त्याचा अंगठा पडद्यावर घुटमळला. “स्मशानजोगी म्हणून एक आहे...”

“काय म्हणतोय जोगी?”

“‘ड्रम कुणी वाजवलेलेच नाहीत. संगणकात भरलेत, तेही पेंगत पेंगत. गायकाच्या गळ्यात निदान दम आहे. पण ड्रमर नावाचा माणूस या बँडमध्ये आहे की नाही, याचीच मला शंका येते.’”

“मग?”

“मग काय... सगळे त्याच्यामागे धावले. आम्हालाही तसंच वाटलं होतं म्हणाले. खोटारडे, मशीनवाले, काय काय म्हणाले. अजून भांडतायत.”



“तुझ्या गळ्यात दम हाय म्हणतोय की त्यो.”

“हो.”

“मग लागलं कुणाला?”

शार्दूलने पडवीकडे पाहिलं. “बसूला.”

“आणि कोण ह्यो जोगी?”

“कुणास ठाऊक, आक्का. लोक अशी खोटी नावं घेतात.”

“हं...” आक्का उठल्या. “चल. पानं वाढलीत.”

आता इथे लपवाछपवी कशाला? स्मशानजोगी कोण हे शार्दूलला पक्कं ठाऊक होतं. तो स्वतःच होता.

या संगीताच्या दुनियेत ज्या अल्बमवर भांडण होत नाही, त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. ‘मढं’ बाहेर पडला तेव्हा सगळीकडे चिडीचूप होतं. शार्दूलने विचार केला, कुणीतरी सणसणीत शिवी दिली की आपले चाहते खवळून उठतील आणि रण माजेल. शिवी द्यायला कुणी पुढे येईना, म्हणून त्यानेच खोटं नाव घेऊन दिली. खरी वाटावी म्हणून नेमकी जागा शोधून दिली. स्वतःच्या गळ्याला मात्र त्याने सांभाळून घेतलं. एवढ्या गडबडीतही तेवढं भान त्याला राहिलं होतं, हे विशेष.

चाहते खवळले खरे, पण उलट्या बाजूला. अल्बम गाजला. आणि त्याच आठवड्यात बसूने काठ्या खाली ठेवल्या. रोज सांगू म्हणता म्हणता शार्दूलची जीभ टाळ्याला चिकटली होती.

मठाच्या पंगतीचा एक रिवाज आहे. जेवण झालं की कुणी लगेच उठत नाही. ओळीने एकेकाने उभं राहायचं, आधी स्वतःचं नाव घ्यायचं आणि मग आजच्या जेवणातलं उणं सांगायचं. चांगलं झालंय असं म्हणायला बंदी आहे. ज्याने रांधलं त्याने समोर बसून ऐकायचं आणि उलट उत्तर द्यायचं नाही. शेवटच्या माणसाचं झाल्याशिवाय पंगत मोडत नाही. हा रिवाज कुणी घातला ते आक्कांनाही माहीत नाही.

त्या दिवशी आमटी खुद्द आक्कांनी केली होती. त्या भिंतीला टेकून समोर बसल्या.

मठातला म्हातारा मल्लाप्पा उभा राहिला. “मी मल्लाप्पा. भाकरी एका अंगाला कच्ची हाय.”

त्याच्या शेजारची बाई उठली. “मी शेवंता. ठेचा कालचा हाय, आजचा म्हणून वाढलाय.”

बसूला जेवायला आत यावंच लागलं होतं. तो उभा राहिला, मान खाली. “मी बसवराज. भात चिकट झालाय.” आणि खाली बसला.

शेवटी राहिला शार्दूल.

तो उठला. आमटीत मीठ जास्त पडलं होतं, एवढं सांगितलं की सुटका होती. सगळे उष्टे हात सांभाळत त्याच्याकडे बघत होते. आक्काही बघत होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

“नाव घे,” आक्का म्हणाल्या.

“मी... शार्दूल.”

नाव तोंडातून गेलं आणि पुढचं वाक्य त्याला सुचेना. मिठाचं वाक्य तयार होतं, पण या नावापुढे ते काही केल्या येईना. या नावापुढे दुसरंच काहीतरी कधीचं अडून बसलं होतं.

“मी शार्दूल. बसू... तो स्मशानजोगी मी आहे.”

मल्लाप्पाला काही उमगलं नाही. बसूला उमगलं. त्याने मान वर केली.

“काय?”

“मी लिहिलं ते. संगणकाचं, पेंगत वाजवल्याचं. सगळं मीच लिहिलं. अल्बमकडे लोकांनी बघावं म्हणून. मला वाटलं लोक तुझी बाजू घेतील. कुणी घेतली नाही. आणि मग अल्बम चालायला लागला, म्हणून मी गप्प बसलो.”



“तुला खरंच तसं वाटलं होतं?” बसूने विचारलं. आवाज अगदी हळू. “पेंगत?”

“नाही रे! तुझा हात इतका नेमका पडतो की लोकांना मशीन वाटणार हे मला माहीत होतं. म्हणून तिथेच मारलं. दुसरीकडे मारलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता.”

बसू उठला आणि पंगत मोडून बाहेर चालता झाला. शेवंताबाईंच्या तोंडून “अगं बाई!” निघालं. त्या मठात असं कधी कुणी केलं नव्हतं.

शार्दूल तसाच उभा राहिला. आता मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज येईल, आणि मग आपल्याला या माळावरून एसटीने एकट्यानेच जावं लागेल, आणि त्यानंतर जन्मभर असंच. त्याने कान बाहेर लावले. बाहेरून हौदावर पाणी पडल्याचा आवाज आला. मग तोही थांबला.

त्याने आक्कांकडे पाहिलं. आक्का आपल्या पायाच्या बोटांकडे बघत होत्या.

बसू परत आला. चेहरा धुतलेला, डोळे लाल. तो येऊन आपल्या जागेवर उष्ट्या ताटापुढे बसला.

“तुला माहितीय, मी काय करत होतो?” तो म्हणाला. “मी वाजवलेलं मीच लावून ऐकत होतो. पुन्हा पुन्हा. शेवटी मलाच वाटायला लागलं, हा मी नव्हेच. मीच कुठेतरी चोरून मशीन लावली असणार आणि विसरलो असणार. माझेच हात मला खोटे वाटायला लागले, शार्दूल.”

शार्दूलला रडू फुटलं. भर पंगतीत, उष्ट्या हाताने, लहान पोरासारखं. ज्याच्या गुरगुरण्याने पोलंडातली माणसं खूश होत होती, त्याच्या तोंडून जेमतेम हुंदका निघत होता.

“रडतोस काय, लेका,” बसू म्हणाला. “हात धू आणि लिही.”

“काय?”

“जे आता बोललास ते. जिथे लिहिलंस तिथेच. तुझ्या नावाने.”

“शिव्या घालतील, बसू. तुला नाही, मला. अल्बमचंही वाटोळं होईल.”

“होऊ दे.”

शार्दूलने हात धुतला आणि परत जागेवर येऊन उभ्या उभ्याच लिहिलं. ‘मी शार्दूल, या बँडचा गायक. स्मशानजोगी मीच. ड्रम बसवराजने वाजवलेत, स्वतःच्या हातांनी, पोल्ट्रीच्या रिकाम्या शेडमध्ये घामाघूम होऊन. मी त्याच्यावर खोटं लिहिलं.’ माळावर रेंज धड नव्हती. त्याने मोबाइल डोक्याच्या वर धरला. सगळी पंगत माना वर करून त्या मोबाइलकडे बघत बसली.

गेलं.

लगेच उत्तरं यायला लागली. पहिल्याच माणसाने त्याला नालायक म्हटलं होतं. दुसऱ्याने त्याहून वाईट. शार्दूलने ती वाचली आणि त्याला स्वतःचंच नवल वाटलं. शिव्या जिथे पडायला हव्या होत्या तिथेच पडत होत्या, आणि त्याला चक्क भूक लागली होती. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं हलकं वाटत होतं.

“मिरजेला काय सांगतोस?” त्याने भीत भीत विचारलं.

“सांगेन, सेट मोकळा नाही म्हणून.” बसूने नाक पुसलं. “पण तुझ्याशी मी इतक्यात धड बोलणार नाही. आधीच सांगून ठेवतो.”

“नको बोलू. वाजव फक्त.”

बसू ओठ दाबून हसला. मल्लाप्पाही हसला, काही न कळता. शेवंताबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि आता उठायला हरकत नाही असं समजून ताट हातात घेतलं.

शार्दूलने आक्कांकडे वळून हात जोडले. “आक्का, मी चुकलो. मी आलो तेव्हा तुम्हालाही खोटं सांगितलं. आता मी काय करू?”

आक्कांनी हाताने शेवंताबाईंना खाली बसायची खूण केली.

“आमटीचं ऱ्हायलंय,” त्या म्हणाल्या.