कोपरे का सरकतात?

डोंगराच्या कुशीत एक लहानसं गाव होतं. तिथे एका घरात दोन जावा नांदत होत्या. थोरली अनसा, धाकटी भिवरा. नणंद बाळंतपणाला माहेरी आली होती आणि बाळाचं बारसं तोंडावर आलं होतं.

बाळासाठी दोघींनी गोधडी शिवायला घेतली. जुन्या लुगड्यांचे लाल-पांढरे चौकोन कापले आणि ते जोडून दोघींनी आपापल्या पट्ट्या तयार केल्या. अनसाच्या पट्टीखाली भिवराची, तिच्याखाली पुन्हा अनसाची, असं जोडत जायचं ठरलं.

पण पहिल्याच जोडाला वरच्या-खालच्या चौकोनांचे कोपरे जुळेनात, सरकले.

"तुझे तुकडेच वाकडे," अनसा म्हणाली.

भिवराने चौकोनावर चौकोन ठेवून पाहिले. सगळे सारखे. राग यायच्या ऐवजी तिला नवलच वाटलं. "जाऊबाई, तुकडे सारखे, टाके सरळ. मग सरकतं तरी कुठे?"

"कुठे का सरकेना! वरून कापडाचं फूल लाव, झाकून जाईल."

फूल लावणं सोपं होतं, पण भिवराचं मन मानेना. तिने सगळा जोड उसवला. अनसा फणकाऱ्याने चुलीपाशी निघून गेली.

भिवराने पट्ट्या उलट्या करून एकीवर एक धरल्या आणि बोट फिरवलं. बोटाला उंचवटा लागला. दोघींनीही शिवणीच्या कडा एकाच बाजूला दुमडल्या होत्या. दुमडीवर दुमड चढत होती आणि सुई तिथे आली की कापड घसरत होतं.

तिने आपल्या पट्टीची दुमड दुसऱ्या बाजूला वळवली. आता दोन्ही दुमडी शेजारी शेजारी घट्ट बसल्या. तिथे आधी टाचणी लावली, मग तिथूनच दोन्ही टोकांकडे टाके घालत गेली. उलटून पाहते तर चारही कोपरे एका ठिकाणी!

"जाऊबाई, जरा बोट फिरवून बघा ना."

अनसाने बोट फिरवलं. "अगं, सपाट लागतंय!" मग तिने पट्ट्या उलटून कोपरे पाहिले. "म्हणजे तुकडे वाकडे नव्हते."

"माझेही नव्हते, तुमचेही नव्हते. आता माझ्या सगळ्या पट्ट्यांच्या दुमडी वळवते. तुमच्या राहू द्या तशाच."

अनसाने भिवराच्या निम्म्या पट्ट्या आपल्या मांडीवर ओढल्या आणि दुमडी वळवायला बसली.

बारशाला नणंदेने गोधडीवरून हात फिरवत विचारलं, "मोठ्या वहिनी, यातल्या तुमच्या पट्ट्या कोणत्या?"

अनसाने गोधडी जवळ घेऊन निरखून पाहिली. तिला सांगता येईना.

तात्पर्य: चूक कुणाची हे विचारण्याआधी ती होते कुठे हे पाहावं, पुष्कळदा तिथे दोष द्यायला कुणीच सापडत नाही.