रवळू विचारता

फार वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते वेळशात कोणी सांगत नाही. "खाडीवर पूल नव्हता तेव्हाची," एवढंच म्हणतात आणि पानाला चुना लावायला घेतात. त्या काळी वेळशाच्या देवळात रवळू घाडी गाऱ्हाणं घालायचा.

गाऱ्हाणं म्हणजे साऱ्या गावाच्या वतीने एकाने, म्हणजे देवळाच्या घाड्याने, उभं राहून देवाशी मोठ्याने बोलायचं. बोलता बोलता शेवटी 'म्हाराजा' आलं, की जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात 'होय म्हाराजा' म्हणायचं. पाळण्यातलं पोर बोलायला लागतं ते 'आये', 'बाबा' आणि तिसरं हेच. त्यामुळे वेळशातला माणूस झोपेतही 'म्हाराजा' ऐकून 'होय' म्हणायचा.

आणि रवळूचा आवाज तर असा, की त्याने 'बा देवा' म्हटलं की खाडीपलीकडच्या गावातल्या बायका डोक्यावर पदर घ्यायच्या, असं म्हणतात. एका जत्रेत मागच्या रांगेत वाघ येऊन बसला होता आणि त्यानेही 'होय' म्हटलं, असंही म्हणतात. पण ते सांगणारा माणूस मूळचाच थापाड्या. रवळूला स्वतःलाही आपल्या आवाजाचं भारी कौतुक. जेवताना मीठ मागायचं तरी तो असं मागायचा, की शेजारचे मीठ घेऊन यायचे.

तर झालं काय, की त्या सुमारास खाडीने काठ खायला सुरुवात केली. काठावर गाबतांची वाडी होती, मासेमारीवर जगणारी. आज अंगण गेलं, उद्या पडवी गेली, आणि एका पावसाळ्यात अर्धी वाडी पाण्यात गेली. माणसं वाचली, पण राहायचं कुठे? वाडीने गावाच्या मानकऱ्यांकडे जागा मागितली. देवळामागे भरड होती, उंचावरची, पाणी न लागणारी. तिथे नवी वाडी वसवू द्या, म्हणाले.

मानकऱ्यांची बैठक पिंपळाच्या पारावर बसली. मधोमध धाकू गावकर, गावातला पहिला मान त्याचा. त्याने भरड द्यायची नाही असं ठरवूनच पान तोंडात टाकलं होतं. भरडीवर वरच्या वाड्यांची गुरं चरायची, आणि खरं सांगायचं तर गाबतांचा शेजार वरच्यांना नको होता. सुक्या मासळीचा वास देवळापर्यंत येईल, हे कोणी तोंडाने बोललं नाही, पण सगळ्यांच्या नाकात तो आधीच शिरला होता.

"खाडीकडची मळई घेवा," धाकू म्हणाला. "गाव वासे देयत, झावळा देयत."

मळई म्हणजे खाडीने गाळ टाकून केलेली सपाट जमीन. दिसायला छान. गाबतांच्या वतीने येसू म्हातारी उठली. नवरा खाडीने नेलेला, घरही खाडीनेच नेलेलं.

"गावकारानू, वासे तुमचे तुमका ऱ्हवांदेत," ती म्हणाली. "आमका पायाखाली सुकी जमीन होयी."

बैठक मोडली. पुन्हा बसली, पुन्हा मोडली. मानकऱ्यांनी वाशांबरोबर माड देऊ केले, गाबतांनी भरडीचा नुसता कोपरा मागितला. कोणी हटेना. अखेर दोन्ही बाजूंना पटेल असं एकच निघालं. पौर्णिमेला देवापुढे गाऱ्हाणं घालायचं, 'आमका वाट दाखव' म्हणायचं, आणि मग पुन्हा बसायचं.

पौर्णिमेच्या सकाळी धाकू गावकर रवळूच्या अंगणात आला. गावकर कोणाच्या अंगणात जात नसे. रवळूची छाती तेवढ्यानेच वीतभर फुगली.

"रवळू, गाऱ्हाण्यात एक वाक्य जास्त घालूचा हा," धाकू म्हणाला, आणि ते वाक्य सांगितलं. "तुझ्या आवाजात खपान जायत. दुसऱ्या कोणाक जमाचा नाय."

रवळूला कळलं नाही असं नाही. त्याला सगळं कळलं. पण 'दुसऱ्या कोणाक जमाचा नाय' हे शब्द त्याच्या कानात गुळासारखे विरघळत राहिले, आणि तो मान डोलावून बसला. लोभ नव्हता, धाक नव्हता. नुसती फुशारकी. गोष्ट सांगताना वेळशातली म्हातारी माणसं इथवर आली की थोडी थांबतात.

देऊळ भरलं. वरच्या वाड्या पुढे, गाबीत मागे पायरीशी. रवळूने सुरू केलं.

"बा देवा, बारा गावच्या, बारा वेशीच्या म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे ईली आसत, त्यांका सांभाळ म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सूर लागला. माणसं डोलायला लागली. आणि त्याच सुरात, श्वासही न बदलता, रवळू म्हणाला, "आणि ही काठावरची लेकरां आपखुशीन तुझ्या मळयेत रवाक तयार झाली आसत, त्यांची राखण कर म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

गाबतांनीही म्हटलं. येसूनेही म्हटलं. तोंडातून शब्द गेला आणि मग तो कानांना कळला. पुढच्या रांगांतल्या पुष्कळांना तो आधीच कळला होता. त्यांनी जरा जास्तच मोठ्याने 'होय' म्हटलं होतं.

देवळाबाहेर धाकू गावकर पायरीवर उभा राहिला. "देवापुढे तुमीच होय म्हटलात," तो म्हणाला. देवापुढे दिलेला शब्द. गाबीत खाली मान घालून उतरले.

मळईत घरं उभी राहिली. घर झालं की गाऱ्हाणं घालायचं, ही रीत. रवळूला घराघरातून बोलावणं आलं आणि त्याला जावं लागलं. नारळ घेऊन दारात उभं राहायचं आणि 'हे घर सुखात ठेव म्हाराजा' म्हणायचं. आवाज तोच होता. पण आता त्याला तो ऐकवेना.

मग अमावस्येचं उधाण आलं. भरदिवसा, ऊन पडलेलं असताना, खाडी उंबरे ओलांडून आत आली. चुली विझल्या. रवळू धावत मळईत उतरला, तेव्हा येसू म्हातारी पाण्यात बुडालेल्या चुलीशेजारी पाटावर उकिडवी बसली होती, पोटाशी पेजेचं मडकं धरून.

"येसूआये, चल वर," रवळू म्हणाला.

"खय जाव? आमीच होय म्हटला मा, झिला," ती म्हणाली. "तोंड आमचाच. तू नको वायट वाटान घेव."

तिने शिव्या दिल्या असत्या तर रवळूने त्या खाल्ल्या असत्या. पण ती त्याचीच समजूत काढत होती. रवळूला असं वाटलं, की आपल्याला जमिनीने पोटात घ्यावं. जमीन तरी कुठे होती तिथे, नुसतं पाणी. तो तसाच धाकू गावकराकडे गेला आणि म्हणाला, सगळ्यांपुढे खरं सांगूया.

"देवाक दिलेलो शब्द मागे घेतलंस? लाज नाय तुका?"

"लाज हा, गावकारानू," रवळू म्हणाला. "म्हणानच ईलंय."

धाकूने दार लावून घेतलं. रवळू परत मळईत गेला आणि पाण्यात कंबरेएवढ्यावर जाऊन उभा राहिला. तिथून त्याने गाऱ्हाणं घातलं. तो आवाज वरच्या वाड्यांतल्या ताटांवर, माजघरांत, विहिरीच्या रहाटापर्यंत पोचला, असं म्हणतात. माणसं हातातली कामं टाकून भरडीच्या कडेला येऊन उभी राहिली.

"बा देवा, पुनवेक मी तुझ्यापुढे खोटा बोललंय, म्हाराजा!"

कोणी 'होय' म्हटलं नाही. पाणी छातीला लागलं.

"ही माणसां तयार नाय होती. ता वाक्य मी मुद्दाम घातलंय. माझ्या आवाजाचा माका मोठेपण होता, म्हाराजा!"

वर सगळे गप्प. होय म्हणायचं, तर आपल्यालाही त्या दिवशी कळलं होतं हे कबूल करावं लागणार. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. पाणी रवळूच्या गळ्याशी आलं.

"ही जागा माणसांची नाय, म्हाराजा!"

तेव्हा मळईतून येसूचा बारीक आवाज आला, "होय म्हाराजा." मग गाबतांचे आवाज आले. मग वरून कोणीतरी बाई म्हणाली, तिच्या मागून दुसरी, आणि बघता बघता सगळी भरड म्हणाली. धाकू गावकराने शेवटी म्हटलं, अगदी हळू. आणि त्याच्या 'होय'सरशी खाडी रवळूच्या हनुवटीवरून मागे फिरली, असं म्हणतात. ओहोटीची वेळ झाली होती, असंही काहीजण म्हणतात. त्यांच्याशी वेळशात कोणी वाद घालत नाही.

गाबतांची वाडी भरडीवर वसली. मळई मोकळीच राहिली. रवळूचा आवाज मात्र त्या पाण्यात राहिला तो राहिलाच, घशात नुसती खरखर उरली. गाऱ्हाणं दुसरा घाडी घालू लागला. रवळू मागे पायरीशी, गाबतांच्या रांगेत उभा राहायचा, आणि 'होय' म्हणायची वेळ आली की खरखरत विचारायचा, "काय म्हटलंस? परत सांग." सुरुवातीला लोक वैतागायचे. मग थांबायला लागले. मरेपर्यंत त्याने हे सोडलं नाही.

आजही वेळशाच्या देवळात गाऱ्हाणं एकदा म्हणून होतं, तेव्हा कोणी 'होय' म्हणत नाही. सगळे खाली बघत उभे राहतात. वरच्या वाड्यांतले तर जास्तच, कारण त्यांच्या पणजोबांनी तेव्हा मोठ्याने 'होय' म्हटलं होतं आणि हे गावात कोणी कोणाला विसरू दिलेलं नाही. मग पायरीपासून कोणीतरी म्हणतं, "रवळू विचारता, काय म्हटलंस?" घाडी पुन्हा पहिल्यापासून, सावकाश सांगतो. मग 'होय'.

ही रीत पुढे ग्रामपंचायतीतही गेली. मळईत बंगल्यांची मोठी वसाहत करायचा ठराव आला, तेव्हा ग्रामसेवकाने ग्रामसभेत तो भराभरा वाचला, वर आलेले हात बघितले आणि "सर्वानुमते मंजूर" म्हणून पुढचा विषय काढायला घेतला. मागून एक बाई उठली आणि तिने रवळूच्या नावाने विचारलं. ग्रामसेवक बाहेरगावचा, त्याला काही कळेना. पण सरपंच मान खाली घालून म्हणाले, "वाचा परत."

त्याने सावकाश वाचला. दुसऱ्यांदा एकही हात वर झाला नाही.