चौतीस किलोची पकड

“मूठ वळते. बोटं पुरती उघडतात. पकड चौतीस किलो भरली. मग हा माणूस अजून तुमच्याकडे कशाला येतो, सर?”

डॉ. वीरेंद्र पाटणकर दारातच उभे होते. हाताचे सर्जन, वय पस्तीस, जिल्ह्यात नाव झालेलं.

दाभोळे सर स्टुलावर बसून एका फुग्याला गाठ मारत होते. ट्रस्टच्या त्या रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचा विभाग ते तीस वर्षं चालवत होते. विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. व्यायामाची यंत्रं थोडी; रोजची कामं पुन्हा शिकवायला शेगडी, पोळपाट, बटणांचे शर्ट आणि दाराच्या कड्या जास्त.

“फिजिओथेरपी झाली,” डॉक्टर म्हणाले. “हाताला जोर आला. त्यानंतर तुम्ही वेगळं काय करता, ते मला खरंच कळत नाही. मी पेशंट पाठवतो, कारण तशी पद्धत आहे.”

सरांनी फायलीतून डॉक्टरांचीच चिठ्ठी काढून पुढे केली.

“वाचा.”

“एकनाथ काशीद. उजवं मनगट, कंडरा जोडल्या. व्यायाम द्यावा.”

“हे काय करतात?”

“व्यायाम…?”

“नाही. पोटासाठी.”

डॉक्टरांनी चिठ्ठी उलटी केली. मागे काही नव्हतं. या माणसाच्या मनगटावर पत्रा पडला होता. स्नायू हाडाला बांधणाऱ्या तुटलेल्या कंडरा त्यांनीच चार तास खपून जोडल्या होत्या…

“माहीत नाही,” ते म्हणाले.

खिडकीपाशी उभा असलेला पन्नाशीचा माणूस वळला.

“न्हावी हाय मी, साहेब. दुकान बंद हाय सात म्हयनं.”

सर उठले. डोक्याला टेकू असलेली एक लाकडी खुर्ची त्यांनी पुढे ओढली.

“बसा डॉक्टर. दाढी करून घ्या.”

काशीदांनी हात पाठीमागे नेला. “नको सर. साहेबांची नको.”

“का?” डॉक्टरांनी विचारलं.

“मधी एक दिवस उघडलं हुतं दुकान. पहिलंच गिऱ्हाईक. गळ्यापाशी वस्तरा नेला आन् हात थबकला… कापलं त्याला. तवापासनं शटर वर केलं न्हाई.”

“पण हात तर पूर्ण…”

“पूर्ण बरा आहे,” सर म्हणाले. “तुमची शिवण मी रोज बघतो. इतकं देखणं काम मी फार कमी पाहिलंय. बसा.”

डॉक्टर बसले नाहीत.

सरांनी उजेडाकडे तोंड केलं आणि मान वर उचलली. हनुवटीखाली बारीक कापल्याच्या खुणा होत्या. काही जुन्या, पांढुरक्या. एक ताजी.

“आधी फुगे केले. फुग्याला साबण लावायचा आणि वस्तऱ्यानं काढायचा. अकरा फुटले. मग मी बसलो.”

“तुम्ही स्वतः… फुग्यांवर भागलं नसतं?”

“फुगा आवंढा गिळत नाही, डॉक्टर.”



मग डॉक्टरांनी गळ्याचं बटण काढलं आणि खुर्चीवर बसले.

काशीदांनी फेस केला. वस्तऱ्यात नवं पातं घातलं. गाल झाले. हनुवटी झाली. वस्तरा गळ्यापाशी आला…

हात थांबला.

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. खुर्चीचा दांडा त्यांनी घट्ट धरला होता. सर जागचे हलले नाहीत.



“साहेब,” काशीद हळूच म्हणाले, “गाव कुठलं तुमचं?”

“मलकापूर. घाटाकडचं.”

बोलताना डॉक्टरांचा कंठ वर सरकला. वस्तराही त्याच्याबरोबर अलगद वर सरकला.

“तकडं पाऊस लई,” काशीद म्हणाले. “माझी थोरली तकडंच दिलीया.”

जावयाबद्दल सांगता सांगता त्यांनी उरलेला गळा केला. मग वस्तरा पुसला, मिटला, आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खांदे तेवढे हलत होते.

“उद्या उघडतो, सर,” थोड्या वेळानं ते म्हणाले.

ते गेल्यावर डॉक्टर कितीतरी वेळ तिथंच बसून होते. गळ्यावरून बोटं फिरवत होते. कुठं एक ओरखडा नव्हता.

“मी वर्षभर तुमच्याकडे माणसं पाठवली,” ते म्हणाले. “खाली उतरून एकदाही बघितलं नाही.”

सरांनी फेसाची वाटी उचलली.

“सोमवारी आम्ही सगळे डॉक्टर जमतो. तिथं सगळेच विचारतात, मीही विचारायचो… फिजिओ असताना हे कशाला? त्यांना मी काय सांगू, सर? कुठल्या शब्दांत?”

सर फेसाची वाटी नळाखाली धरून विसळत होते.

“बोलू नका,” ते म्हणाले. “गळा दाखवा.”